ब्रेक्झिट, आयर्लंडची बॉर्डर आणि लोकांचं मत: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं, म्हटलं की आपल्याकडे अजूनही लोक विचारतात की झालं का ते एकदाचं. झालं हो, ३१ जानेवारी २०२० च्या रात्रीच झालं. पण त्याच्यावरचे प्रश्न काही संपत नाहीत आणि यावेळी तर मालवणपासून लेस्टरपर्यंतच्या वाचकांनी पाठवलेत. निवडक घेतोय, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जरा लांबेल.

नाशिकहून एक वाचक: "आता म्हणे बहुतेक ब्रिटिशांना वाटतं की चूक झाली. मग सरळ परत मतदान घेऊन टाकत का नाहीत?"

आधी आकडे. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटलं, ४८.१ टक्क्यांनी राहा म्हटलं, मतदान झालं ७२ टक्के. आता यूगॉव्ह नावाची पोल कंपनी गेली कित्येक वर्षं तोच प्रश्न विचारतेय की मागे वळून बघता निर्णय बरोबर होता का चूक, आणि २०२५ च्या सुरुवातीला ५५ टक्के लोक चूक म्हणाले, बरोबर म्हणणारे ३० टक्के. यातले सगळेच पलटी मारलेले नाहीत बरं का. २०१६ ला पासष्टीच्या पुढच्या लोकांनी साधारण ६० टक्के बाहेरच्या बाजूने मत दिलं होतं, त्यातले बरेच आता हयात नाहीत, आणि तेव्हा जी पोरं शाळेत होती ती आता मतदार आहेत आणि त्यांना युरोप हवाय.

पण "चूक झाली" म्हणणं वेगळं आणि "चला परत जाऊ" म्हणणं वेगळं. परत जायचं तर नवीन अर्ज, सगळ्या सदस्य देशांची एकमताने मंजुरी, आणि मुख्य म्हणजे जुन्या सवलती मिळतील याची काही गॅरंटी नाही. ब्रिटन आत होता तेव्हा त्याला पाउंड ठेवायची मुभा होती, शेंगेनच्या, म्हणजे पासपोर्ट न तपासता ये-जा करायच्या युरोपातल्या भागाच्या, बाहेर राहायची मुभा होती, वर्गणीत सूट होती, थॅचरबाईंनी भांडून घेतलेली. पोलवाल्यांनी "परत जाऊया का" विचारलं की निम्म्याहून जास्त लोक हो म्हणतात, "युरो आणि शेंगेनसकट जाऊया का" विचारलं की तोच आकडा निम्म्याच्या बराच खाली येतो. म्हणून पोलचा आकडा बघण्याआधी प्रश्न काय विचारलाय ते बघायचं, ही माझी जुनी कटकट आहे.

आणि राजकारणी घाबरतात, दुसरं काय. लेबर पार्टीने २०२४ ला सत्तेत येतानाच सांगून टाकलं की सिंगल मार्केट (युरोपची एकच बाजारपेठ) नाही, कस्टम्स युनियन (एकच जकात व्यवस्था) नाही, मुक्त ये-जा नाही. त्याच निवडणुकीत ब्रेक्झिटचे कट्टर समर्थक फराजसाहेब यांच्या रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं पडली, सीटा पाचच आल्या पण मतं कुठली आली ते सगळ्यांनी पाहिलंय. मग मे २०२५ ला युरोपशी जरा जुळवून घेतलं, मासेमारीचा करार २०३८ पर्यंत वाढवला, खाण्यापिण्याच्या मालाच्या तपासण्या कमी करायचं ठरलं. शब्द वापरला "रीसेट". ब्रेक्झिट हा शब्द तोंडातून न काढता ब्रेक्झिटची धार कमी करायची, असा सगळा मामला आहे.

पुण्याहून एक विद्यार्थी: "बेलफास्टला एमएससीला चाललोय. डब्लिनला मित्र आहे. मधे बॉर्डर आहे म्हणतात, ती दिसते का? आणि माझा व्हिसा तिथे चालेल का?"

दिसत नाही, हीच तर गंमत आहे. बेलफास्ट नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या भागात, आणि डब्लिन स्वतंत्र आयर्लंड देशात. बसमधून जाताना बॉर्डर कधी गेली कळत नाही, कळतं ते असं की वेगाच्या पाट्या मैलांच्या होत्या त्या एकदम किलोमीटरच्या झाल्या, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी झाली, आणि पोस्टाची लाल पेटी होती ती हिरवी झाली. फाटक नाही, चौकी नाही. क्लोन्सहून कॅव्हनला जाणारा एक रस्ता आहे, तो काही किलोमीटरमध्येच चार वेळा इकडून तिकडे जातो, म्हणजे एकाच प्रवासात दोन देश आलटून पालटून. जवळपास ५०० किलोमीटरची सरहद्द आणि तिच्यावर २०० हून जास्त ठिकाणी रस्ते ओलांडतात. कुणाचं घर या बाजूला आणि कुरण त्या बाजूला. १९९३ ला सिंगल मार्केट आल्यावर कस्टमची नाकी गेली आणि १९९८ च्या गुड फ्रायडे या शांतता करारानंतर हळूहळू लष्कराची ठाणीही गेली. त्याआधी लष्कराने छोटे छोटे रस्ते स्फोटकं लावून खड्डे पाडून बंद केले होते, हे तिथल्या पन्नाशीतल्या माणसाला नीट आठवतं.

आता तुझ्या कामाचं. बॉर्डरवर कोणी अडवत नाही म्हणून व्हिसा लागत नाही असं अजिबात नाही. ती मोकळी ये-जा ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसाठी आहे. तुझा ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा आयर्लंडमध्ये चालत नाही, डब्लिनला जायचं तर आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढ. भारतीयांसाठी एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरायची एक सोय आहे पण ती थोड्या दिवसांच्या व्हिजिट व्हिसासाठी, विद्यार्थ्यांसाठी नाही. आणि गार्डा म्हणजे तिकडचे पोलीस, ते अधूनमधून बसमध्ये चढून कागद बघतात. "सगळे जातात रे" असं सीनियर सांगतील, त्यांचं ऐकू नकोस.

मालवणहून एक वाचक: "आमच्या वराडच्या लिओने इंग्रजांना नाकी नऊ आणले असं इथे अभिमानाने सांगतात. खरंच का?"

बऱ्यापैकी खरं आहे, फक्त एकट्याने नाही. लिओ वराडकरांचे वडील डॉक्टर, मूळ वराडचे, आणि लिओ २०१७ ला आयर्लंडचे पंतप्रधान झाले, म्हणजे नेमके ब्रेक्झिटच्या वाटाघाटी सुरू होताना. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला येऊन गेले ते तुम्हाला आठवत असेलच.

भांडण काय होतं ते सांगतो. ब्रिटन बाहेर पडला म्हणजे युरोपियन युनियनची बाहेरची हद्द आयर्लंड बेटाच्या मधून जाणार. हद्द आली की माल तपासायला नाकं आलं. नाकं आलं की त्याला पोलीस संरक्षण आलं, आणि तिथे आयर्लंडवादी आणि ब्रिटनवादी यांच्यात तीस वर्षं जो रक्तपात झाला, साडेतीन हजारांवर माणसं गेली, त्यात नाकी आणि चौक्या हे ठरलेलं टार्गेट होतं. ऑक्टोबर २०१८ ला ब्रसेल्सला, म्हणजे युरोपियन युनियनच्या मुख्यालयाच्या शहरात, एका जेवणाच्या बैठकीत वराडकर एक वर्तमानपत्र घेऊन गेले होते, त्यात १९७२ साली न्यूरीच्या कस्टम ऑफिसात झालेल्या बॉम्बस्फोटाची बातमी होती. नऊ माणसं मेली होती त्यात. त्यांनी तो पेपर बाकीच्या पंतप्रधानांना दाखवला. मला विचाराल तर शंभर पानी अहवालापेक्षा त्या एका पेपराने जास्त काम केलं, कारण माल्टा किंवा लाटव्हियाच्या नेत्याला न्यूरी कुठे आहे हे कशाला माहीत असणार.

मग ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी "बॅकस्टॉप" आणला, म्हणजे दुसरा उपाय सापडेपर्यंत सगळं ब्रिटनच युरोपच्या कस्टम्स व्यवस्थेत राहील. तो करार जानेवारी २०१९ ला संसदेत ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला, सरकारचा एवढा मोठा पराभव आधुनिक काळात तिथे झाला नव्हता. नंतर पंतप्रधान म्हणून बोरिस जॉन्सन आले, ऑक्टोबर २०१९ ला ते आणि वराडकर लिव्हरपूलजवळच्या विरल भागात एका बंगल्यात भेटले, आणि तिथे वाट निघाली. काय वाट? जमिनीवर बॉर्डर नको ना, मग समुद्रात टाका. म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडहून नॉर्दर्न आयर्लंडला जाणारा माल बंदरावर तपासायचा. देश एकच, पण आतल्या आत कस्टमचे कागद. २०२१ ला त्यावरून सॉसेजवरून भांडण झालं, खरंच सांगतोय, इंग्लंडचे थंड सॉसेज बेलफास्टला जाऊ द्यायचे की नाही यावर लंडन आणि ब्रसेल्स तणतणत होते. २०२३ ला तेव्हाचे पंतप्रधान सुनकसाहेब यांनी युरोपशी विंडसर फ्रेमवर्क नावाचा करार करून ते बरंच सैल केलं, तिथेच राहणाऱ्या मालाला हिरवी लेन आणि पुढे आयर्लंडला जाणाऱ्याला लाल. तरी डीयूपी या ब्रिटनवादी पक्षाने रुसून दोन वर्षं तिथलं सरकारच बसू दिलं नव्हतं, ते फेब्रुवारी २०२४ ला बसलं.

आणि हे सगळं ज्या नॉर्दर्न आयर्लंडच्या डोक्यावर आलं तिथल्या ५५.८ टक्के लोकांनी युरोपात राहायलाच मत दिलं होतं. २०१६ च्या प्रचारात, इंग्लंडात तरी, या बॉर्डरचं नाव क्वचितच निघायचं. ब्रेक्झिटवाल्यांच्या प्रचाराच्या बसवर लिहिलं होतं युरोपला आठवड्याला पाठवतो म्हणे त्या ३५ कोटी पाउंडांचं, बॉर्डरचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांना विचारलं "राहू की जाऊ", लोकांनी उत्तर दिलं स्वतःच्या गावातल्या दवाखान्यावर, पगारावर, बाहेरून आलेल्या माणसांवर, लंडनवरच्या रागावर, आणि त्या उत्तराची अंमलबजावणी करायला गेल्यावर समोर नकाशा आला, ज्याबद्दल कोणाला काही विचारलंच नव्हतं.

लेस्टरहून एक ताई: "इथे आपल्याच लोकांनी ब्रेक्झिटला मत दिलं असं ऐकते. पटत नाही. आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना मत होतं का?"

होतं ताई, आणि हे भल्याभल्यांना माहीत नसतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकांना तिथे संसदेसाठी मत देता येतं, तीच यादी या मतदानाला धरली. म्हणजे वर्क व्हिसावर दोन वर्षांपूर्वी गेलेला हिंजवडीचा इंजिनियर ब्रिटनने युरोपात राहावं की नाही ते ठरवू शकत होता, आणि तिथे वीस वर्षं राहिलेली पोलिश नर्स नाही. तिचं तर आयुष्यच पणाला लागलं होतं.

मतदानाच्या दिवशीच्या मोठ्या सर्व्हेत आशियाई मतदारांपैकी दोन तृतीयांश "राहा" म्हणाले, एक तृतीयांश "जा". तर तुम्ही ऐकलं ते अर्धवट खरं, एक तृतीयांश म्हणजे काही थोडे नाहीत. त्यांचा हिशोब असा की युरोपवाल्यांना विनाव्हिसा येऊ देता आणि आमच्या भावाला, आमच्या हॉटेलच्या आचाऱ्याला व्हिसा नाकारता, हा कुठला न्याय. प्रचारवाल्यांनी करी हाउसवाल्यांना तेच सांगितलं होतं, युरोपचा लोंढा थांबला की तुमचे आचारी आणा. पुढे काय झालं बघा: युरोपवाले कमी झाले पण बाहेरून एकूण येणारे वाढले, २०२३ च्या सुमारास निव्वळ आकडा वर्षाला नऊ लाखांच्या वर गेला, मतदानाच्या वेळी तो सव्वातीन लाखांच्या आसपास होता. त्यात भारतीय विद्यार्थी आणि केअर वर्कर बरेच. म्हणजे माणसं कमी यावीत म्हणून ज्याने मत दिलं तो आज जास्त चिडलेला आहे, आणि मतं रिफॉर्मकडे जातायत ती उगाच नाही.

मडगावहून एक वाचक: "पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर स्विंडनला मामाकडे जाऊन नोकरी करता येईल का?"

नाही. ती वाट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. त्याआधीपासून तिथे राहत असलेल्यांना तिथे राहायचा हक्क टिकवायच्या सेटलमेंट स्कीममध्ये अर्ज करायचा होता, मुदत ३० जून २०२१. आता पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला फिरायला जाता येईल, काम करायला व्हिसा लागेल. तो पासपोर्ट पोर्तुगालला, जर्मनीला, आयर्लंडला मात्र अजून चालतो. त्या पासपोर्टसोबत भारतीय नागरिकत्व जातं हे घरात नीट बोलून घ्या, एजंट ते शेवटी सांगतो.

बेळगावहून एक वाचक: "आयर्लंडला बॉर्डर पोलची तरतूद आहे, मग आमच्या सीमाभागात सार्वमत का नाही?"

भावना कळते, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या घटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेचा, लोकांचं मत घ्यायची सक्ती कुठेच नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला ओपिनियन पोल झाला तो खास कायदा करून, १,७२,१९१ मतं वेगळं राहायला आणि १,३८,१७० महाराष्ट्रात यायला. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये मात्र गुड फ्रायडे करारातच लिहिलंय की बहुसंख्य लोक एकत्र आयर्लंडच्या बाजूने जातील असं वाटलं तर ब्रिटनच्या तिथल्या कारभाराच्या मंत्र्याने मतदान (तोच बॉर्डर पोल) घ्यायलाच हवं, आणि हरले तर पुन्हा सात वर्षं घेता येत नाही. "असं वाटलं" म्हणजे किती पोल, कुठले पोल, हे कुणी लिहिलेलं नाही. मंत्र्याच्या मर्जीवर आहे.

तुम्हाला जवळचं वाटेल असं उदाहरण दुसरंच आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या १९२१ च्या करारात आयर्लंडच्या सरहद्दीसाठी कमिशन नेमायचं ठरलं होतं, रहिवाशांची इच्छा लक्षात घेऊन रेघ आखायची. १९२५ ला त्याचा मसुदा पेपरात फुटला, किरकोळ बदल सुचवलेत हे कळल्यावर डब्लिनमध्ये आरडाओरडा, आणि अहवाल गुंडाळून जुनी रेघच कायम केली. आपल्या सीमावादावरचा महाजन अहवाल १९६७ ला आला, महाराष्ट्राने फेटाळला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, रेघ तिथेच. आणि सार्वमत घेतलंच तरी मतदार कोण हा प्रश्न राहतो: एकेक गाव, शहर, तालुका का पूर्ण जिल्हा? महाराष्ट्र गाव हा घटक धरा म्हणतो ते त्याचसाठी. वर्तुळ कुठे काढलं त्यावर अर्धा निकाल ठरतो. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी "राहा" म्हटलं तरी बाहेर गेला, कारण वर्तुळ अख्ख्या ब्रिटनचं होतं.

ठाण्याहून एक वाचक: "मग स्कॉटलंड फुटणार का?"

लवकर तरी नाही. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात ५५ विरुद्ध ४५ असं नाही म्हणाले. आता पोल निम्म्या-निम्म्याच्या आसपास हलत असतात, पण २०२२ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लंडनच्या परवानगीशिवाय स्कॉटिश संसद सार्वमत घेऊ शकत नाही. परवानगी द्यायला लंडनचा कुठलाच पंतप्रधान तयार नाही. २०१६ चं मतदान घेऊन पंतप्रधानपद घालवून बसलेल्या कॅमेरूनचं काय झालं ते बघितलंय त्यांनी.

साताऱ्याहून एक वाचक: "ब्रिटनच्या आधी कोणी बाहेर पडलं होतं का?"

हो, ग्रीनलंड. डेन्मार्कबरोबर ते १९७३ ला आत ओढलं गेलं होतं, स्वतःचं बहुमत नको म्हणत असताना. १९८२ ला तिथे मतदान झालं, बाहेर पडायला थोडं बहुमत मिळालं, मुख्य तक्रार मासेमारीची, की बाहेरची जहाजं येऊन आमचा मासा नेतात. प्रत्यक्ष बाहेर पडले १९८५ ला. लोकसंख्या पन्नास-पंचावन्न हजार, भांडण जवळजवळ एकाच विषयाचं, तरी तीन वर्षं लागली. आणि ग्रीनलंडवाले डेन्मार्कचे नागरिक असल्याने युरोपियन युनियनचे नागरिक आजही आहेत, पासपोर्ट घेऊन हवं तिथे कामाला जातात, जे ब्रिटिशांना आता जमत नाही.