खाऱ्या दलदलीतली झुडपं मिठाने मरत कशी नाहीत?

मरत नाहीत, कारण मीठ पेशीच्या नाजूक भागापासून दूर ठेवायची सोय त्यांच्याकडे असते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढ्यात बहुतेक पिकं कोमेजतात. सुएडा, सॅलिकॉर्निया ही मंडळी मीठ पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पाण्याच्या पिशवीत, साठवतात, म्हणून त्या मांसल असतात आणि चवीला खारट लागतात. तिवर ते ग्रंथींवाटे बाहेर टाकतो. उन्हाच्या वेळी त्याच्या पानावरून बोट फिरवून बघाच, सुकलेल्या मिठाचे कण हाताला लागतात! ॲट्रिप्लेक्स पानावरच्या बारीक फुग्यांत मीठ भरून ठेवतं. मात्र मोठ्या झाडाला जे सोसतं ते बियाला सोसेलच असं नाही. बहुतेकांचं बी पावसाने खारेपणा उतरल्यावरच नीट रुजतं.