आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. तेंदूपत्ता ठेकेदाराला आम्ही स्वतः विकू शकतो का?

हो, विकू शकता. वनहक्क कायदा 2006 ने तेंदू आणि बांबूसह गौण वनउपजाची मालकी तुम्हालाच दिली आहे, आणि 2012 मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर वाहतूक परवानाही ग्रामसभेचीच समिती देते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला बांबूसाठी असं परवानापुस्तक 2011 मध्येच मिळालं होतं.

खरी अडचण कायद्यात नाही, करारात येते. जानेवारीतच लिलावाची जाहिरात द्या, कारण छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि पानं एप्रिल-मेमध्ये तोडावी लागतात. उशीर झाला की भाव ठेकेदार ठरवतो. दर प्रमाण गोणीवर ठरवा: 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची गोणी. तोडणाऱ्यांची मजुरी आणि रॉयल्टी (पानांच्या मालकीपोटी मिळणारी रक्कम) करारात वेगळ्या लिहा. एकच आकडा लिहिलात तर शेवटी काय थकलं हेच सांगता येत नाही.

- अनामत ग्रामसभेच्या बँक खात्यात जमा झाल्याशिवाय तोडणी सुरू करू नका.
- फळीवर (पानं गोळा करण्याच्या जागी) रोज संध्याकाळी पुडे मोजून तोडणाऱ्याच्या कार्डावर आणि वहीत, दोन्हीकडे नोंद करा.
- परवाना हप्त्याहप्त्याने द्या, जितके पैसे आले तितक्याच गोण्यांचा. माल एकदा गोदामात गेला की वसुली फार कठीण.
- वाळवताना अवकाळी पावसाने पानं काळी पडली तर नुकसान कोणाचं, हे आधीच लिहून घ्या.

एक मात्र लक्षात घ्या: हक्कपत्रात लिहिलेल्या हद्दीतलीच पानं विका. शेजारच्या गावाची पानं मिसळली, तर परवान्यावरच वाद उभा राहतो.