बायबलमध्ये आधुनिक विज्ञान आधीच सांगून ठेवलं आहे, या दाव्यात किती तथ्य आहे?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: एका जवळच्या मित्राने तुम्हाला बायबलमधल्या वचनांची यादी पाठवली आहे. पृथ्वी गोल आहे, ती अधांतरी आहे, समुद्राचं पाणी फिरून नद्यांत येतं, जीव रक्तात असतो, समुद्रात प्रवाह असतात, हे सगळं विज्ञानाच्या कितीतरी शतकं आधी त्यात लिहिलेलं आहे आणि म्हणून हा ग्रंथ माणसाच्या हातचा असूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं आहे. यात तथ्य किती, आणि त्याला न दुखावता काय सांगावं, हे तुम्ही विचारलं आहे.

दाव्यात तथ्य नाही, असं माझं मत आहे. पण मला हा ग्रंथ मनापासून आवडतो. त्यातलं ईयोबाचं पुस्तक आणि उपदेशक मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे, आणि अशा याद्यांमध्ये सर्वाधिक ओढाताण नेमकी याच दोन पुस्तकांची होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ईयोबाच्या 26व्या अध्यायातलं 7वं वचन म्हणतं की देवाने पृथ्वी निराधार टांगली आहे. तेवढंच वाचलं तर अंगावर काटा येतो. अंतराळातून काढलेला पृथ्वीचा फोटो डोळ्यांसमोर उभा राहतो. आता पान न उलटता खाली या. 11व्या वचनात देवाच्या धमकीने आकाशाचे स्तंभ थरथरतात. 9व्या अध्यायात पृथ्वीलाही स्तंभ आहेत आणि तेही कापतात. 38व्या अध्यायात देव वावटळीतून ईयोबाला विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? तिची मापं कोणी ठरवली, तिच्यावर दोरी कोणी ताणली, तिची कोनशिला कोणी बसवली? पुढे हिमाची आणि गारांची भांडारं येतात, युद्धाच्या दिवसासाठी राखून ठेवलेली. पाया, दोरी, कोनशिला हे सगळं बांधकामाचं चित्र आहे आणि काव्य म्हणून ते जबरदस्त आहे. दुःखाने पिचलेल्या माणसाला विश्वाच्या अफाटपणासमोर उभं करणं, हे त्या अध्यायाचं काम आहे.

यादी करणारा ‘निराधार टांगली’ ही ओळ भौतिकशास्त्र म्हणून उचलतो आणि स्तंभ, पाया, कोनशिला यांना ‘ही तर कवितेची भाषा’ म्हणून बाजूला ठेवतो. कोणती ओळ विज्ञान आणि कोणती कविता, हे त्याला कशावरून कळतं? शाळेत शिकलेल्या भूगोलावरून. पृथ्वी खरोखरच खांबांवर उभी असल्याचं उद्या सिद्ध झालं असतं, तर याच पुस्तकातून तेही तितक्याच सहज ‘आधीच सांगितलेलं’ निघालं असतं. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. शोध आधी लागतो आणि अर्थ नंतर सापडतो, मग ज्ञान त्या वचनातून आलं असं कसं म्हणायचं?

पृथ्वीच्या गोलाईचंही तसंच. यशया 40:22 मध्ये देव पृथ्वीच्या वर्तुळावर बसलेला आहे आणि त्याने आकाश तंबूसारखं ताणलं आहे. वर्तुळ थाळीचंही असतं आणि तंबू सपाट जमिनीवर उभारतात. ब्रिटिश म्युझियममध्ये बाबिलोनची एक छोटी मातीची पाटी आहे. तिच्यावर जगाचा नकाशा कोरला आहे: गोल चकतीसारखी भूमी आणि तिच्याभोवती समुद्राचं कडं. ही पाटी साधारणपणे इसवी सनपूर्व 6व्या शतकातली मानली जाते, आणि यशयाचा हा भाग यहुदी लोकांना बाबिलोनमध्ये बंदी करून ठेवलं होतं त्या काळातला आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या जगात पृथ्वी वर्तुळाकार म्हणणं ही चारचौघांची समजूत होती.

श्रद्धावान वाचकांना या वचनात काय दिसलं, हे पाहिलं तर मुद्दा आणखी पक्का होतो. 6व्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या ख्रिस्ती व्यापाऱ्याने बायबलच्याच आधारावर मोठा ग्रंथ लिहिला. पृथ्वी सपाट आणि चौकोनी असून विश्व निवासमंडपाच्या (बायबलमधल्या तंबूवजा मंदिराच्या) आकाराचं आहे, असं त्याने त्यात मांडलं, आणि पुराव्यात यशयाचं हेच वचन दिलं. मध्ययुगातले सगळे ख्रिस्ती लोक पृथ्वी सपाट मानत होते असं मात्र समजू नका. ती समजूत चुकीची आहे. बीड, थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या विद्वानांना पृथ्वी गोल असल्याचं चांगलं ठाऊक होतं. पण ते ज्ञान ग्रीकांकडून आलेलं होतं. एराटोस्थेनिसने इसवी सनपूर्व 3ऱ्या शतकात दोन शहरांमधल्या सावल्यांच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला होता. एका ठिकाणी सूर्य बरोबर डोक्यावर, दुसऱ्या ठिकाणी वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला. म्हणजे दोन शहरांमधल्या अंतराच्या 50 पट परीघ. ही रीत कोणीही करून पाहावी अशी आहे, आणि चुकली तर चूक दाखवता येते.

जलचक्राचा दावा मला सर्वात बोलका वाटतो. उपदेशक 1:7 म्हणतं की सगळ्या नद्या समुद्राला मिळतात तरी समुद्र भरत नाही, आणि नद्या जिथून येतात तिथेच परत जातात. आज हे वाचताना आपण बाष्प, ढग, पाऊस मनात भरतो, पण त्या वचनात ढग नाहीत आणि पाऊसही नाही. युरोपातल्या वाचकांनी शतकानुशतकं त्याचा अर्थ लावला तो असा की समुद्राचं पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरांपर्यंत चढतं आणि झऱ्यांतून बाहेर येतं. 17व्या शतकात अथानासियस किर्चर या जेझुइट विद्वानाने तर या भूमिगत जलमार्गांची सुंदर चित्रंच छापली. नद्यांना पुरेल इतका पाऊस पडत असेल, हे लोकांना खरंच वाटत नव्हतं. 1674 मध्ये पिएर पेरो याने फ्रान्समधल्या सेन नदीच्या उगमाकडचं पाणलोट क्षेत्र घेतलं, तिथे वर्षभरात पडणारा पाऊस आणि नदीतून वाहणारं पाणी यांचा हिशेब मांडला, आणि पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारे सहापट भरला. काही वर्षांनी एडमंड हॅलीने समुद्रावरून किती पाणी वाफ होऊन उडतं याचा अंदाज बांधला. जलचक्र असं उलगडलं. तोपर्यंत तेच वचन चुकीच्या सिद्धांताच्या बाजूने साक्ष देत होतं, आणि आज ते बरोबर सिद्धांताच्या बाजूने उभं केलं जातं.

उपदेशकाला जलशास्त्र शिकवायचंच नव्हतं. सूर्य उगवतो, मावळतो आणि पुन्हा उगवण्याच्या जागी धाव घेतो, वारा घुमून घुमून परत येतो, नद्या वाहतच राहतात, आणि माणसाच्या कष्टांतून हाती काय उरतं, असा तो प्रश्न आहे. त्यातून पाण्याचं एक वाक्य कापून काढलं की तो प्रश्नच नाहीसा होतो, याचं मला वाईट वाटतं.

रक्ताचं थोडक्यात सांगतो. लेवीय 17:11 मध्ये शरीराचा जीव रक्तात आहे असं म्हटलं आहे. पशू कापणाऱ्या कोणालाही हे दिसतंच. रक्त गेलं की प्राण जातो. तिथे संदर्भ रक्त न खाण्याचा आणि प्रायश्चित्ताचा आहे. जॉर्ज वॉशिंग्टनचं 1799 मध्ये डॉक्टरांनी भरपूर रक्त काढलं आणि तो दगावला. डॉक्टरांनी हे वचन मानलं असतं तर तो वाचला असता, असं या याद्यांमध्ये हमखास असतं. पण रक्त काढण्याची ती प्रथा ज्या समाजात शतकानुशतकं चालली, तिथे बायबल प्रमाण मानलं जात होतं. डॉक्टरही ते वाचत होते. त्या वचनातून वैद्यकाचा हा नियम त्यांना का सापडला नाही?

समुद्रप्रवाहांची गोष्ट तर ठरलेली. अमेरिकन नौदलातले मॅथ्यू मोरी आजारी असताना त्यांनी 8व्या स्तोत्रातली ‘समुद्राच्या मार्गांची’ ओळ ऐकली आणि ते मार्ग शोधायला निघाले, अशी ती सांगितली जाते. मोरी श्रद्धाळू होते आणि स्वतःच्या लेखनात बायबलमधली वचनं देत, हे खरं. पण 1847 पासून त्यांनी जे नकाशे काढले ते जहाजांच्या रोजनिशींवरून. कप्तान रोज जहाजाचं स्थान, वाऱ्याची दिशा, पाण्याचं तापमान लिहीत. वेग आणि दिशा यांवरून जहाज जिथे असायला हवं ती जागा, आणि सूर्यताऱ्यांवरून निघालेली खरी जागा, या दोहोंत जो फरक पडतो तो प्रवाहाने ढकलल्यामुळे. अशा हजारो नोंदी एकत्र केल्या की प्रवाह कागदावर उमटतो. त्याआधी 1769च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने गल्फ स्ट्रीमचा नकाशा काढून घेतला होता, तोही टिमथी फोल्गर या देवमाशांच्या शिकारीतल्या कप्तानाच्या माहितीवरून. स्तोत्रातली ओळ आहे माशांबद्दल आणि समुद्रातून वाटा काढणाऱ्या जिवांबद्दल.

जिथे श्रेय द्यायला हवं तिथे मी देतो. लेवीयाच्या 13व्या अध्यायात चट्टा दिसलेल्या माणसाला सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा तपासायला सांगितलं आहे, आणि ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात छावणीबाहेर खड्डा करून विष्ठा झाकायला. ही बारकाईने पाहणाऱ्या माणसांची समज आहे. पण लगेच 14व्या अध्यायात बऱ्या झालेल्या माणसाच्या शुद्धीसाठी एक पक्षी मारून त्याच्या रक्तात दुसरा जिवंत पक्षी बुडवून सोडायचा आहे, आणि घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस डाग पडले तर त्या घरासाठीही तसाच विधी आहे. उत्पत्ती 30 मध्ये याकोब सोललेल्या, पट्टे पाडलेल्या काठ्या शेळ्यामेंढ्यांच्या समोर ठेवतो आणि त्यांना ठिपकेदार, पट्टेदार पिल्लं होतात. आनुवंशिकता अशी चालत नाही. टीकाकारांनीही तारतम्य ठेवावं: 1 राजे 7:23 मधलं हौदाचं माप घेऊन ‘बायबलमध्ये पायची (वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, याची) किंमत 3 आहे’ असं हिणवणं मला पटत नाही. तिथे ढोबळ आकडा दिला आहे, इतकंच.

मित्राशी बोलताना श्रद्धावंतांचेच दाखले द्या. 5व्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने उत्पत्तीवरच्या भाष्यात बजावलं होतं की आकाश, तारे, ऋतू यांबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या नावाने चुकीचं बोलताना इतरांनी ऐकलं, तर पुनरुत्थानाबद्दल त्याच शास्त्रावर ते विश्वास कसा ठेवतील? विश्व प्रसरण पावतं हे 1927 मध्ये गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धांतातून निघणाऱ्या विश्वाच्या प्रारंभाचा संबंध उत्पत्तीतल्या निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून अलग राहावा, अशी त्यांची भूमिका होती. उत्पत्तीत उजेड पहिल्या दिवशी, झाडं तिसऱ्या आणि सूर्य चौथ्या दिवशी येतो, हे त्यांना अर्थातच ठाऊक होतं, आणि त्यांच्या श्रद्धेला त्याने धक्का बसला नाही.

वाद घालण्याऐवजी त्या यादीतलं कोणतंही एक वचन त्यालाच निवडू द्या आणि तो पूर्ण अध्याय दोघांनी मिळून वाचा. मग त्याला एवढंच विचारा: शोध लागण्याआधी हे वचन वाचून कोणी ती गोष्ट सांगितली होती का? एखादं नाव निघालं तर मला जरूर कळवा, मी ते मोकळ्या मनाने तपासून पाहीन. हीच कसोटी वेद, कुराण किंवा दुसऱ्या कुठल्याही ग्रंथातल्या विज्ञानाच्या दाव्यांना लावा, त्यांनाही ती तितकीच लागू आहे.