बायको घरखर्चातून पैसे बाजूला काढते, यात चुकीचं काय?

तुम्ही विचारलंय की पगार हातात ३२ हजार येतो, दोन मुलं, आई सोबत, महिनाअखेरी काहीच उरत नाही. त्यात बायको घरखर्चाच्या पैशांतून थोडे थोडे तुम्हाला न सांगता बाजूला ठेवते असं कळलंय. मग बजेट कसं आखायचं आणि तिची ही सवय कशी मोडायची? बजेटचं पुढे बघू. सवय अजिबात मोडू नका. तुमच्या घरात बचत करणारं सध्या ते एकच माणूस आहे.

इतकं ठासून सांगते कारण हाच आरोप माझ्यावर झालाय, तोही भरल्या ताटावर.

माझे मिस्टर एसटीत वाहक. आम्ही तासगाव भागातले. २०२१ च्या दिवाळीत संप लागला, त्याआधी पीएफ आणि सोसायटीचा हप्ता जाऊन १७ हजारांच्या आसपास हातात यायचे. त्यातले ११ हजार माझ्याकडे, बाकीचे त्यांच्याकडे. खाणारी पाच तोंडं. संप आठ-पंधरा दिवसांत मिटेल असं सगळेच धरून होते. नोव्हेंबरअखेर मूळ पगारात वाढ जाहीर झाली, नोकरीला दहा वर्षांच्या आत असणाऱ्यांना ५,०००, दहा ते वीसवाल्यांना ४,०००, त्यापुढच्यांना २,५००. पण मागणी एसटी महामंडळ राज्य सरकारात विलीन करण्याची होती, माणसं मागे हटली नाहीत. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हा म्हणून सांगितलं, तेव्हा सगळे रुजू झाले. म्हणजे दिवाळी गेली, संक्रांत गेली, पाडवा गेला, घरात पगार नाही. संपावरच्या माणसाला पगार मिळत नसतो, ते धरूनच तो संपावर जातो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चूल रोज पेटायला लागते.

ती पेटली, कारण कोठीत शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी होती, गहू होता, डब्यात तूरडाळ होती आणि बरणीत वर्षाची चटणी होती. आमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल वर्षाचं भरून घेतात. शाळू निघाला की ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्यानं घ्यायचा, चांगलं ऊन द्यायचं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचा. मिरची ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, भाजून डंकावर कुटून आणायची. हंगामात पोत्यानं घेतलेलं आणि पुढे श्रावणात दुकानातून किलो-किलोनं घेतलेलं, यातला फरक ज्याला ठाऊक नाही त्याने मला बचत शिकवू नये. पण या भरणीला एकरकमी पैसा लागतो, आणि मार्चचा पगार काही वेगळा नसतो. तो पैसा वर्षभर तुकड्या-तुकड्यानं काढून ठेवलेल्यातूनच उभा राहतो.

धान्याचं झालं, तरी दूध, गॅस, लाइटबिल, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या याला रोख लागतेच. माझ्या नावावर पोस्टात आरडी होती, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, महिना ५००. तीन वर्षं पुरी झालेली म्हणून मुदतीआधी मोडता आली. व्याज बचत खात्याच्या दरानंच मिळालं, पण मुद्दल सगळी हातात आली. बचत गटातून महिना शेकडा दोन व्याजानं १० हजार उचलले. फेब्रुवारीपासून मी बेदाणा निवडायला शेडवर जायला लागले, मिस्टर द्राक्षाच्या पॅकिंगला. सावकाराचं दार आम्ही बघितलं नाही, मुलांची शाळा एक दिवस चुकली नाही.

संक्रांतीला धाकटे दीर आले. जेवताना विचारलं, "वयनी, घर कसं चाललंय?" मी सगळं सांगितलं, आनंदानं सांगितलं. मला वाटलं, शाबासकी देतील. ते म्हणाले, "म्हंजे दादाच्या पगारातनं गुपचूप काढून ठेवलेलंच की हे. ह्याला घरातली चोरीच म्हणायची." सासूबाई काही बोलल्या नाहीत. मिस्टरांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, "भावजी, चोरीचा माल चोर खातो. हा तुमच्या ताटातबी आहे."

त्यावर त्यांनी मोबाइल काढून मला सूत्र दाखवलं. पगारातले ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. मी तिथंच हिशेब केला. १७ हजारांचे निम्मे साडेआठ हजार, त्यात पाच माणसांचं खाणं, शाळा, औषधं बसवायची आणि ५,१०० रुपये दर महिन्याला हौसेला! आमच्या घरात पाच हजारांची हौस कुणी केली नाही, कधीच नाही. हे सूत्र भरपूर पगारवाल्याचं आहे. तुमच्या ३२ हजारांत बसवून बघा, हौसेला ९,६०० निघतात. दोन मुलांच्या घरात ते कुठून आणणार?

चोरी या शब्दावर मी खूप विचार केला आहे. चोरी परक्याच्या वस्तूची होते. सकाळी पाचला उठून डबा करून दिला म्हणून तो माणूस पहिल्या गाडीवर जातो. मग त्या पगारावर माझा काहीच हक्क नाही? १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने एका पोटगीच्या निकालात हेच मांडलं, की घर सांभाळणाऱ्या बायकोला नवऱ्याने आर्थिक आधार दिला पाहिजे, संयुक्त खातं, एटीएम तिला वापरता आलं पाहिजे. ती बातमी मी दिरांना पाठवली. त्यांनी वाचली, उत्तर दिलं नाही.

आता तुमचं. घरखर्चाला किती देता हे तुम्ही लिहिलं नाही. तुमच्याकडे किती राहतात आणि ते कुठे जातात, हेही नाही. बजेट तिथून सुरू होतं. आधी महिनाभर तुमचा स्वतःचा खर्च लिहा, चहा, पेट्रोल, मोबाइलचा हप्ता, सगळा. बायकोचा हिशेब मागू नका. घर महिन्यावर चालत नाही, वर्षावर चालतं. जूनला शाळा, मग गणपती, दिवाळी, मार्चला धान्य, मध्ये कुणाचं तरी लग्न. म्हणून वही घ्या, बारा महिन्यांचे हे मोठे खर्च दोघांनी बसून लिहा, बेरजेला बारानं भागा आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच काढा. उरल्यावर काढू म्हणाल तर कधीच काढणार नाही. ती रक्कम बायकोच्या नावच्या खात्यात जाऊ द्या. लाडकी बहीणचे १,५०० तुमच्या घरात येणार नाहीत, वर्षाच्या उत्पन्नाची अट अडीच लाखांची आहे. म्हणजे तिच्या हक्काचा म्हणून दुसरा पैसा तिच्याकडे नाही.

काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात. पुण्या-मुंबईत एका खोलीत राहत असाल तर वर्षाचं धान्य भरायचा हट्ट नको, पोरकिडे झाले तर सगळंच वाया. तिथे तीन महिन्यांचं पुरे. तिचे पैसे डब्यात रोख असतील तर पोस्टात किंवा बँकेत टाकायला सांगा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री डब्यातल्या ५०० आणि १,००० च्या नोटांनी किती बायकांची झोप उडवली ते मी आमच्या गल्लीत बघितलंय. पोस्टाच्या आरडीवर बारा हप्ते भरल्यावर निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं, मोडावीच लागते असं नाही. खात्याला वारस लावा. आणि ती बाजूला काढते ते पैसे बचतीला जात नसून फायनान्सवाल्यांच्या आठवड्याच्या हप्त्याला जात असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा शांतपणे विचारा. ओरडलात तर ती दुसरं कर्ज काढून पहिलं फेडेल आणि तुम्हाला तिसऱ्याला कळेल.

माझ्या दिरांनी तो शब्द अजून मागे घेतलेला नाही. तुम्ही बायकोला तसलं काही बोलला असाल तर आजच मागे घ्या. वही उद्या आणलीत तरी चालेल.