सुट्ट्या पैशांतील नाणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नाण्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख ‘याचे किती पैसे येतील’ या एका प्रश्नाकडे असतो. तो प्रश्न गैर नाही, परंतु त्याचे उत्तर बहुधा एका ओळीत संपते आणि नाण्यावर वाचण्यासारखे पुष्कळ काही उरते. म्हणून या वेळी निवडलेल्या पत्रांना उत्तरे देताना नाणे वाचावे कसे, याकडे अधिक लक्ष दिले आहे.

प्रश्न : किराणा दुकानातून मिळालेल्या सुट्ट्या पैशांत दोन रुपयांचे म्हणून एक नाणे आले. त्यावर उंच चोचीच्या किटलीचे चित्र आणि अरबी अक्षरे आहेत. हे कोणत्या देशाचे? ते जवळ ठेवणे कायद्याला धरून आहे का? — एक वाचक, चिपळूण

आपल्याकडे आलेले नाणे संयुक्त अरब अमिरातीचा एक दिरहम आहे. चित्रातील भांडे म्हणजे कॉफीचे पारंपरिक भांडे, ज्याला तिकडे ‘दल्ला’ म्हणतात. 1995 पासूनच्या दिरहमचा व्यास 24 मिलिमीटर आहे आणि आपल्या 2011 च्या मालिकेतील दोन रुपयांच्या नाण्याचा 25 मिलिमीटर. रंगही जवळपास सारखाच असल्याने घाईच्या व्यवहारात एकाच्या जागी दुसरे सहज खपते. कोकणातील असंख्य घरांतील माणसे आखातात नोकरीला असल्यामुळे तिथली चिल्लर सुटीच्या सामानाबरोबर गावात येते आणि कधीतरी गल्ल्यात पडते. दिरहमचा दर डॉलरशी बांधलेला आहे (एका डॉलरला 3.6725 दिरहम), त्यामुळे दोन रुपये म्हणून मिळालेल्या या नाण्याची किंमत त्याच्या कितीतरी पट आहे. अर्थात ही किंमत इथे हाती येणे अवघड, कारण चलन बदलून देणारे सहसा नोटाच स्वीकारतात. तिकडे निघालेल्या आप्तांना ते देणे हाच सरळ मार्ग.

कायद्याची काळजी करू नये. परकीय चलनाच्या नोटा जवळ बाळगण्यावर रहिवाशांना मर्यादा असली, तरी परदेशी नाणी कितीही बाळगता येतात, अशी स्पष्ट तरतूद परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांत आहे. मात्र ते नाणे इथले वैध चलन नाही. आपल्याला नकळत आले, म्हणून जाणूनबुजून दुसऱ्याच्या माथी मारणे योग्य नव्हे.

आता वर्ष वाचून पाहा. दिरहमवर हिजरी आणि इसवी अशी दोन्ही वर्षे अरबी अंकांत असतात. या अंकांत पाच हा आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो, सात वर उघडलेल्या कोनासारखा आणि आठ त्याच्या उलटा. एवढे लक्षात ठेवले तरी आखाती नाण्यांवरील बरीच वर्षे उलगडतात. नेपाळी नाण्यांवरचे अंक देवनागरी असल्यामुळे आपल्याला ते वाचायला काहीच अडचण नाही, पण वर्ष विक्रम संवताचे असते हे ध्यानात घ्यावे लागते. 2060 पाहून कोणी चकित होऊ नये, ते साधारण 2003 साल होय. थायलंडच्या नाण्यांवर बौद्ध वर्ष असते, त्यातून 543 वजा केले की इसवी सन मिळतो.

दुरंगी नाण्यांची गफलत आणखी वेगळी. आपले दहा रुपयांचे नाणे बाहेरून पिवळे व आतून पांढरे आहे आणि एक युरोचे नाणेही तसेच, फक्त आकाराने लहान. याउलट वीस रुपयांच्या नाण्याचे कडे पांढरे आणि मध्यभाग पिवळा आहे. हीच रंगसंगती दोन युरोच्या आणि थायलंडच्या दहा बाहतच्या नाण्यात दिसते. अशा वेळी कडेवरून बोट फिरवावे : वीस रुपयांच्या नाण्याला बारा बाजू आहेत, ती दोन्ही परदेशी नाणी गोल आहेत.

प्रश्न : काही नाण्यांवर वर्षाखाली चांदणी असते, काहींवर ठिपका, तर काहींवर काहीच नसते. चांदणीचे नाणे दुर्मिळ असते, असे शेजारचे काका सांगतात. हे खरे का? — एक विद्यार्थिनी, सातारा

आपल्या काकांना नमस्कार सांगून हेही सांगावे की चांदणी म्हणजे हैदराबादची टांकसाळ, दुर्मिळपणाची ग्वाही नव्हे. भारतात चार सरकारी टांकसाळी आहेत. मुंबईची, म्हणजे फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर असलेली टांकसाळ, वर्षाखाली शंकरपाळ्याच्या आकाराची खूण उमटवते. हैदराबादची खूण पाच टोकांची चांदणी आणि नोएडाची खूण गोल ठिपका. कोलकात्याची टांकसाळ खूण उमटवतच नाही, त्यामुळे वर्षाखालची रिकामी जागा हीच तिची ओळख. हैदराबादने पूर्वी दुभंगलेल्या शंकरपाळ्याची आणि मध्ये ठिपका असलेल्या शंकरपाळ्याचीही खूण वापरली आहे, म्हणून झिजलेल्या नाण्यावर निर्णय घेण्याआधी भिंगातून नीट पाहावे.

या चौघींपेक्षा वेगळी खूण दिसली, तर मात्र थांबावे. 1980 च्या दशकात देशात सुट्ट्या पैशांची मोठी टंचाई होती आणि सरकारने काही नाणी परदेशांतून पाडून आणली. 1985 च्या एक रुपयाच्या काही नाण्यांवर इंग्रजी ‘एच’ हे अक्षर दिसते, ती इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. पुढे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा हाच मार्ग पत्करला गेला आणि मेक्सिको, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया व स्लोव्हाकियातील क्रेम्निका येथे आपली नाणी पाडली गेली. अशोकस्तंभाची मुद्रा असलेले, पूर्णपणे भारतीय असे हे नाणे मध्य युरोपातील एका जुन्या खाणगावात जन्मले आणि आज भाजीवाल्याच्या हातून आपल्याकडे आले, ही गोष्ट मला कोणत्याही किमतीपेक्षा मोलाची वाटते. वापरलेल्या स्थितीत या नाण्यांना फार पैसे मिळत नाहीत. संग्राहक वर्ष, टांकसाळ आणि नाण्याची स्थिती या तिन्हींचा मेळ पाहतो, आणि हाताळून गुळगुळीत झालेले नाणे तिसऱ्या कसोटीवर उतरत नाही.

संग्रह सुरू करायचा असेल, तर एक सुचवतो. महाराष्ट्राशी नाते असलेली स्मारक नाणी शोधावीत. 1990 चे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मशताब्दीचे एक रुपयाचे, 1999 चे संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे, लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे आणि 2015 चे बाबासाहेबांच्या 125 व्या जयंतीचे दहा रुपयांचे, ही सर्व व्यवहारासाठी काढलेली नाणी आहेत आणि नशीब असेल तर दर्शनी किमतीतच हाती येतात. सुटीत नाशिकजवळच्या अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आणि मुंबईत फिरोजशहा मेहता मार्गावरील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय अवश्य पाहावे.

प्रश्न : माझ्याकडे वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे आहे. दूरध्वनीवरून एका गृहस्थांनी त्याचे दहा लाख देऊ केले आहेत, फक्त आधी नोंदणी शुल्क भरायला सांगितले आहे. भरावे का? — एक वाचक, सोलापूर

भरू नये. एक रुपयासुद्धा भरू नये. हे नाणे 2012 चे असून ते आजही पाच रुपयांचे वैध चलन आहे. अगदी कोरे असेल, तर संग्राहक त्याला थोडी अधिक किंमत देईल, लाखांची गोष्ट साफ खोटी आहे. अशा व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जातो, म्हणून बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी निवेदन काढून स्पष्ट केले की ती अशा व्यवहारांत पडत नाही आणि कोणालाही असे शुल्क घेण्याचा अधिकार तिने दिलेला नाही. खरा व्यापारी नाणे हातात घेऊन पाहतो आणि पैसे स्वतः देतो. आपण आधीच काही रक्कम पाठवली असेल, तर विलंब न करता 1930 या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवावी.

प्रश्न : रुपयाचे चिन्ह नसलेले दहाचे नाणे आमच्याकडे दुकानदार घेत नाहीत. ते खोटे आहे का? — एक वाचक, जालना

नाही. रुपयाचे चिन्ह नाण्यांवर 2011 पासून आले. त्याआधीची नाणी चिन्हाविना असणारच. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा रुपयांच्या तोवरच्या चौदाही नमुन्यांना वैध म्हटले आहे.

प्रश्न : आजोबांच्या डब्यात भोकाचे पैसे आणि 25 पैशांची नाणी सापडली. चिंचेने घासून लख्ख करावीत का? 25 पैसे बँकेत बदलून मिळतील का? — एक वाचक, बेळगाव

25 पैसे आणि त्याखालील नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली, त्यामुळे आता ती बदलून मिळत नाहीत. भोकाचा पैसा 1943 ते 1947 या काळातला. युद्धकाळात तांब्याची बचत व्हावी म्हणून त्याला मध्ये भोक ठेवले गेले. तो भरपूर प्रमाणात निघाला होता, पण जपण्यासारखा नक्कीच आहे.

चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांपैकी काहीही लावू नये. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला काळसर तपकिरी थर नाण्याचे रक्षण करतो आणि जाणकार तोच आधी पाहतो. घासल्याने तो जातोच, शिवाय बारीक ओरखडे कायमचे उरतात. धूळ असेल तर साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून, न चोळता, मऊ कापडावर टिपून घ्यावे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवल्यास कालांतराने त्यांवर हिरवट चिकट थर येतो, आणि रबरबँडमधील गंधकाने ती काळी पडतात. प्रत्येक नाण्याला कागदाचे लहान पाकीट करावे. त्यावर वर्ष, टांकसाळीची खूण आणि नाणे कोठून मिळाले हे पेन्सिलीने लिहावे, पण नाणे आत घालण्यापूर्वी, कारण नंतर लिहिताना पडणारा दाब नाण्यावर उमटू शकतो.