वाचक विचारतात : येमेनमध्ये शस्त्रं येतात तरी कुठून?

यावेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी तांबड्या समुद्राबद्दल आहेत आणि ते साहजिकच आहे, आपल्याकडे गावागणिक एक तरी घर असं निघेल की ज्यातला मुलगा बोटीवर आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. गणपतीला येणार होता पण जहाज आफ्रिकेला वळसा घालून नेलं आणि त्याचं येणं राहिलं. जे लोक डोंगरात राहतात म्हणतात त्यांच्याकडे जहाज बुडवणारी मिसाइलं आली कुठून? — एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, तुमची काळजी समजते. जहाजांवर हल्ले करणारे हे हुथी म्हणजे येमेनमधला एक सशस्त्र गट, मूळचे उत्तरेकडच्या सादा भागातले, डोंगरातले, हे खरंच आहे, पण सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी राजधानी साना घेतली तेव्हा सरकारी सैन्याची कोठारंच त्यांच्या हाती लागली, कारण माजी राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह तेव्हा त्यांच्या बाजूला होते आणि सैन्यातले बरेच जण अजून सालेहनाच मानायचे. जुनी स्कड मिसाइलं तिथली. (ह्याच सालेहना हुथींनी डिसेंबर २०१७ मध्ये मारलं.) त्यानंतरचा माल मात्र बाहेरचा. हुथींना शस्त्रं देऊ नयेत असा ठराव सुरक्षा परिषदेने एप्रिल २०१५ मध्येच केलाय, २२१६ नंबरचा, तरी यूएनच्या तज्ज्ञांना त्यांच्या ड्रोन आणि मिसाइलांमध्ये इराणी बनावटीचे भाग पुन्हा पुन्हा सापडले. इराण म्हणतो आम्ही देत नाही.

नोव्हेंबर २०२३ पासून शंभरावर जहाजांवर हल्ले झाले, त्यातली रुबीमार, ट्यूटर, मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही चार तर बुडालीच. मार्च २०२४ मध्ये ट्रू कॉन्फिडन्स ह्या जहाजावर मिसाइल पडलं, तिघे खलाशी गेले, उरलेल्या २१ जणांना आपल्या आयएनएस कोलकाताने उचललं आणि त्यात एक भारतीय होता. म्हणून सांगते, वळशाला दहा-चौदा दिवस जास्त लागले तरी लागू देत. आणि मुलाला हे नक्की सांगा की करारावर सही करायच्या आधी जहाज तिकडून जाणार का ते विचार, युनियनचा करार असलेल्या जहाजावर अशा धोक्याच्या पट्ट्यात जायला नकार द्यायचा हक्क असतो, तो मागायला लाजू नको.

प्रश्न : आमच्या ट्रॉलरला कोस्ट गार्ड कधीही थांबवतो, कार्ड दाखवा, नंबर दाखवा. मग शस्त्रं भरलेली गलबतं एवढ्या नेव्ही फिरत असताना सुटतात कशी? — हर्णैचा एक मच्छीमार

उत्तर : दादा, तुमची बोट रोज त्याच बंदरात परत येते, तिचा नंबर आहे, रंग ठरलेला आहे, तुमचं बायोमेट्रिक कार्ड आहे. खोल समुद्रात तसं काही नाही. तिथे झेंडा लावलेली बोट परक्या नेव्हीला सहजासहजी अडवता येत नाही, पण जिचा कुठल्याच देशाशी संबंध दिसत नाही अशी बोट चढून तपासता येते, समुद्री कायद्यात तशी सोय आहे, आणि आजवर पकडलेली बरीचशी गलबतं अशीच बेवारशी निघाली. जानेवारी २०२३ मध्ये ओमानच्या आखातात एका मासेमारी बोटीवर २,११६ एके-४७ मिळाल्या. ११ जानेवारी २०२४ च्या रात्री सोमालियाजवळ अशाच एका गलबतावर चढताना अमेरिकेचे दोन नौसैनिक बुडाले आणि आत मिसाइलांचे सुटे भाग सापडले. पूर्ण मिसाइल पाठवतच नाहीत, तुकडे करून पाठवतात, तिकडे जोडतात, त्यामुळे छोट्या बोटीतही माल मावतो आणि वरून जाळी टाकली की लांबून ती मच्छीमाराचीच बोट वाटते. त्या पाण्यात अशा हजारो बोटी असतात, कितींवर चढणार?

तुम्हाला हे वेगळं समजवायला नको खरं तर. १९९३ साली शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते असंच, बोटीने, रात्री.

प्रश्न : भांडण येमेनी लोकांचं, मग अमेरिका, ब्रिटन, सौदी, इराण यांना त्यात काय मिळतं? — निवृत्त शिक्षक, देवगड

उत्तर : गुरुजी, आधी नकाशा बघू. बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे ती साधारण ३० किलोमीटर, म्हणजे आपल्या दाभोळपासून जयगडपर्यंत समुद्रातून जेवढं अंतर होईल जवळपास तेवढीच. सुएझमार्गे आशियाकडचं जाणंयेणं त्या फटीतून. इंग्रजांनी १८३९ मध्ये एडन घेतलं ते ह्याच वाटेसाठी आणि जवळजवळ शंभर वर्षं त्याचा कारभार आपल्या मुंबई इलाख्यातून चालवला. आज समोरच्या जिबूतीत अमेरिका, फ्रान्स, चीन, जपान सगळ्यांचे तळ आहेत. सौदीला आपल्या सीमेवर हुथींसारखा इराणचा मित्र नकोय, इराणला सौदीला तिथे अडकवून ठेवणं स्वस्तात पडतं, यूएईचा डोळा एडन, मोखा, सोकोत्रा अशा बंदरांवर आणि बेटांवर.

मला सगळ्यात जास्त त्रास विकणाऱ्यांचा होतो. मार्च २०१५ मध्ये सौदी आघाडीने हुथींवर बॉम्बफेक सुरू केली आणि २०१५ ते २०१९ ह्या काळात सौदी जगातला सगळ्यात मोठा शस्त्र आयातदार होता, स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशोबाने त्यातली ७३ टक्के शस्त्रं अमेरिकेची, १३ टक्के ब्रिटनची. ही गलबतातून लपूनछपून गेली नाहीत, परवान्यावर, बिलावर, सरकारी सहीने गेली. ९ ऑगस्ट २०१८ ला दह्यान गावच्या बाजारात शाळेच्या सहलीच्या बसवर बॉम्ब पडला, ४० मुलं गेली, तुकड्यांवरच्या नंबरावरून तो अमेरिकन बॉम्ब निघाला. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या संसदेने ह्या युद्धातली मदत थांबवायचा ठराव केला तर ट्रम्प यांनी व्हेटो वापरला. इराणवर बोट ठेवणाऱ्यांनी आधी ते बिल बघावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि इराणला सोडा असंही मी म्हणत नाही, दोघांचाही माल त्याच माणसांच्या अंगावर पडतो. यूएनच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) अंदाजानुसार २०२१ संपेपर्यंत ३ लाख ७७ हजार माणसं गेली, त्यातली साठ टक्के गोळीने नाही तर भूक, रोगराई आणि दवाखाने बंद पडल्यामुळे.

प्रश्न : पकडलेल्या शस्त्रांचं पुढे काय होतं? नष्ट करतात का? — कॉलेज विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : मलाही तसंच वाटायचं गं. डिसेंबर २०२२ मध्ये मारवान-१ नावाच्या बेवारशी गलबतावर ७.६२ मिलिमीटरची ११ लाख काडतुसं मिळाली, अमेरिकेने कोर्टातून ती जप्त करून घेतली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये युक्रेनला पाठवली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये एके-४७, मशीनगन अशी आणखी ५,००० वर हत्यारं गेली. येमेनच्या लढाईसाठी निघालेला माल युक्रेनच्या लढाईत पोचला.