मुलगा शाळेच्या गाइल्स शील्डच्या (मुंबईतली शालेय क्रिकेट स्पर्धा) संघात आहे, पण सर त्याला मॅचमध्ये खेळवत नाहीत. त्यांच्याशी कसं बोलू?

आधी मुलाला विचारा, तुम्ही बोललेलं त्याला चालेल का? सचिनचे प्रशिक्षक आचरेकर सरांनी त्याला शाळा बदलून शारदाश्रमला घालायचं सुचवलं, तेव्हा त्याचे वडील रमेश तेंडुलकरांनीही आधी सचिनलाच विचारलं होतं.

मॅचच्या दिवशी आझाद मैदानावर विषय काढू नका. सरांचं लक्ष अकरा मुलांकडे असतं आणि तुमचं पोरगं मित्रांसमोर अवघडतं. दुसऱ्या दिवशी मेसेज करून नेट प्रॅक्टिसनंतरची 10 मिनिटं मागा. 'याला का घेत नाही?' यापेक्षा 'याने कशावर मेहनत घ्यावी?' असं विचारा, आणि उत्तर मुलाच्या समोरच ऐका. दुसऱ्या कुणाच्या मुलाचं नाव तर अजिबात घेऊ नका. मी घेतलं होतं. त्यानंतर महिनाभर सर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि त्याचा त्रास माझ्या मुलाला झाला.

गाइल्स 14 वर्षांखालची, पुढे 16 वर्षांखालची हॅरिस शील्ड आहेच, त्यामुळे हातात वेळ आहे. खांदा दुखतोय, ताप आहे, परीक्षा आहे, हे मात्र सरांना त्याच दिवशी कळवा.